हळदीच्या जिल्ह्यात पिंपल्सवर काय लावायचं? आणि मेडिकलमधल्या ‘त्या ट्यूब’पासून लांब का राहायचं?

हिंगोली म्हटलं की दोन गोष्टी पटकन आठवतात, औंढ्याचा नागनाथ आणि वसमतची हळद. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. अशा जिल्ह्यात चेहऱ्यावर एक पुटकुळी आली की घरातून पहिला सल्ला कसला येणार? हळदीचाच. दुसरा सल्ला येतो इन्स्टाग्रामच्या रीलमधून. आणि तिसरा मेडिकलच्या काउंटरवरून, “ही ट्यूब लावा, चार दिवसांत फरक पडेल.”

या तिघांत सगळ्यात जास्त नुकसान तिसऱ्या सल्ल्याने होतं. कारण फरक खरंच पडतो. चेहरा उजळतो, लाली जाते, पुटकुळ्या बसतात. आणि काही आठवड्यांनी ट्यूब सोडली की चेहरा आधीपेक्षा वाईट होतो. असं का होतं आणि मग नेमकं काय लावायचं, ते नीट समजून घेऊ.

पिंपल्स येतात कुठून?

मुरुम, तारुण्यपिटिका, पिंपल्स, नाव काहीही घ्या, गोष्ट एकच. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. वयात येताना हार्मोन्स वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी त्वचेच्या मृत पेशी साचून बूच बसतं. बूच उघडं राहिलं तर काळा ठिपका म्हणजे ब्लॅकहेड, बंद राहिलं तर पांढरा दाणा म्हणजे व्हाइटहेड. आत अडकलेल्या तेलावर त्वचेवरचेच जीवाणू वाढतात, सूज येते, पू होतो.

म्हणजे पिंपल्स घाणीमुळे येत नाहीत. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो, त्यामुळे दिवसातून पाच वेळा साबणाने घासून तो जात नाही. उलट त्वचा सोलवटते आणि पुढे औषध लावलं की आग होते. सौम्य फेसवॉशने दोनदा तोंड धुतलं तरी पुरे. १२ ते २४ या वयात सुमारे ८५ टक्के जणांना कमी-अधिक पिंपल्स येतातच, त्यामुळे ‘मलाच का’ या प्रश्नाला तसा अर्थ नाही.

काही गोष्टींनी त्रास वाढतो. कपाळापर्यंत चोपलेलं खोबरेल तेल ही त्यातली एक. उन्हाळ्यात गाडीवर जाताना तोंडाला घट्ट बांधलेला, घामाने भिजलेला आणि चार-चार दिवस न धुतलेला स्कार्फ ही दुसरी. स्कार्फ बांधूच नका असं कुणी म्हणणार नाही, मराठवाड्याचं ऊन आणि रस्त्यावरची धूळ सगळ्यांनाच माहीत आहे. फक्त तो सुती असावा आणि रोज धुतलेला असावा. जिममध्ये जाणाऱ्या पोरांसाठी एक सूचना, व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पिंपल्स वाढल्याच्या नोंदी आहेत. तळलेल्या पदार्थांबद्दल मात्र जितकं बोललं जातं तितका पुरावा नाही. साखर आणि मैद्याचे पदार्थ, आणि काही अंशी दूध, यांचा संबंध दिसतो, पण तोही सगळ्यांना सारखा लागू होत नाही.

मुलींमध्ये हनुवटी आणि जबड्यावर सतत मोठे फोड येत असतील, पाळी अनियमित असेल आणि ओठांवर-हनुवटीवर केस वाढत असतील तर पीसीओएसची शक्यता असते. तिथे नुसत्या क्रीमने भागत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं लागतं.

मग हळदीचं काय?

हळदीचा विषय निघाला की कुणीतरी पेटंटची गोष्ट सांगतंच. गोष्ट खरी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांतले आणि शोधनिबंधांतले ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

पण या लढाईत सिद्ध काय झालं? जखमेवर हळद लावणं भारतात आधीपासून माहीत होतं, म्हणून तो नवा शोध नाही, एवढंच. हळदीने पिंपल्स जातात का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन. प्रयोगशाळेत तो सूज कमी करतो आणि काही जीवाणूंवरही परिणाम करतो. अडचण अशी की तो पाण्यात विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि त्वचेतून आत फारसा जात नाही. त्यामुळे डब्यातली हळद दुधात कालवून लावल्याने पिंपल्स बरे होतात, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. काहींना हळदीची ॲलर्जीही येते, खाज सुटते, चट्टे उठतात. बाजारातल्या सुट्या हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाची, भेसळ सापडते, तो धोका वेगळाच. हिंगोलीत घरची हळद मिळते हे नशीबच. ती भाजीत घाला, लग्नात लावा, पण फुटलेल्या पिंपल्सवर तासभर लेप नको.

लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हेही त्याच यादीत.

चार दिवसांत गोरं करणारी ट्यूब

या ट्यूबमध्ये असतं स्टेरॉईड. स्टेरॉईड म्हणजे वाईटच, असं नाही. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांत ते फार उपयोगी औषध आहे, पण डॉक्टर सांगतील त्या जागी आणि तेवढेच दिवस. ते सूज झटकन दाबतं आणि त्वचेचा रंग फिका करतं. म्हणून लोकांना ते ‘गोरं होण्याचं क्रीम’ वाटतं. लग्न ठरलं की मुलीच्या हातात हीच ट्यूब येते आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलगाही तीच लावतो.

काही आठवडे किंवा महिने रोज लावल्यावर त्वचा पातळ होते. लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. आणि एकाच आकाराच्या बारीक पुटकुळ्यांचं पीक येतं. थोडक्यात, जे घालवायला क्रीम लावलं तेच क्रीममुळे आलं. क्रीम बंद केलं की चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये या अवस्थेला ‘स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं नावच दिलं.

हे प्रमाण किती आहे? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. त्यापैकी ५९ टक्क्यांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. जास्त तीव्र स्टेरॉईडचा वापर शहरापेक्षा ग्रामीण आणि निमशहरी भागात अधिक होता. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक गावात राहणारे.

कायदा नाही का? आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काउंटरवर काय होतं, ते वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

त्यामुळे ट्यूब घेतली की पाठ फिरवून बारीक अक्षरं वाचायची. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉईड. मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोनसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दिसलं तर ते वांगासाठीचं तिहेरी क्रीम, तेही ठरावीक आठवड्यांपुरतंच. गंमत म्हणजे नावाच्या शेवटी ‘झोल’ असलेलं औषध, उदाहरणार्थ क्लोट्रिमॅझोल, हे बुरशीवरचं साधं औषध असतं. खरा झोल ‘सोन’वाल्यांत आहे.

तुम्ही आधीच असं क्रीम महिनोन्‌महिने लावत असाल तर घाबरून जाऊ नका, पण स्वतःच्या मनाने प्रयोगही करू नका. डॉक्टर ते कसं थांबवायचं ते ठरवतात आणि मधल्या काळातली आग, लाली कमी करायला दुसरं औषध देतात. त्वचा सावरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

आणि बिननावाच्या डब्या

ट्यूबवर निदान घटक लिहिलेले तरी असतात. पार्लरमध्ये मिळणाऱ्या बिनलेबलच्या डब्यांचं तेही नसतं. २०२२ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघी स्थानिक पातळीवर मिळालेलं एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधताना त्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही २०२१ ते २०२३ या काळात असंच दिसलं. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते.

पारा त्वचेचा रंग तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. भारतीय नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर यातलं काहीच नसेल तर ती डबी फुकट मिळाली तरी नको.

मग पिंपल्सवर चालतं काय?

जी औषधं चालतात ती फार महाग नाहीत. फक्त ती चार दिवसांत काम करत नाहीत, त्यांना ८ ते १२ आठवडे लागतात. ट्यूबचा धंदा चालतो तो या फरकावरच.

अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये पिंपल्सच्या उपचारांची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात लावायच्या औषधांमध्ये ठामपणे शिफारस आहे ती बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापॅलिनसारख्या रेटिनॉइड औषधांची. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञही हीच वापरतात.

ॲडापॅलिन छिद्रावरचं बूच काढतं. रात्री, तोंड कोरडं करून, वाटाण्याएवढं घ्यायचं आणि पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरायचं, कारण ते आलेल्या पिंपल्सइतकंच न आलेल्यांसाठी असतं. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, कधी पिंपल्स वाढल्यासारखेही वाटतात. इथेच बहुतेक जण औषध सोडतात आणि ‘मला सूट झालं नाही’ म्हणतात. सुरुवातीला एक दिवसाआड लावायचं, वर साधं मॉइश्चरायझर लावायचं, तर त्रास कमी होतो. गरोदरपणात मात्र हे लावायचं नाही.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जीवाणू मारतं. अडीच टक्क्यांचं जेल जवळपास दहा टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि आग कमी करतं, तेव्हा जास्त टक्क्यांच्या मागे लागू नका. ते कपड्यांचा रंग उडवतं, त्यामुळे उशीची खोळ आणि टॉवेल पांढरा ठेवलेला बरा. शिवाय उष्णतेत त्यापासून बेन्झीन हा घातक पदार्थ तयार होऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादनं तपासल्याचं जाहीर केलं. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत ते नव्हतं किंवा अगदी नगण्य होतं, मोजकी उत्पादनं परत घेतली गेली. घाबरण्यासारखं नाही, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ट्यूब ठेवू नये एवढं यातून घ्यायला हवं.

क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटं लावत राहिलं की जीवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून ते बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबतच देतात. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही साधारण तीन-चार महिन्यांपुरत्या.

खड्डे पाडणारे, गाठीसारखे, दुखरे पिंपल्स असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन देतात. हे सगळ्यात प्रभावी औषध आणि सगळ्यात जपून घ्यायचंही. ओठ फुटतात, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे घेताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. लग्नाआधी चेहरा स्वच्छ व्हावा म्हणून मैत्रिणीची गोळी घेणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही. घरात अवघड वाटत असेल तरी डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगायला हवी.

पिंपल्स फोडायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच फोडतात. निदान एवढं लक्षात ठेवा की लाल किंवा काळा डाग काही महिन्यांत फिका होतो, खड्डा मात्र आपोआप भरत नाही.

गजकर्णाचं दुखणं वेगळं

जांघेत, कमरेवर, काखेत गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. ही बुरशी आहे. घाम, घट्ट जीन्स आणि ओले कपडे असले की ती वाढते. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात ती फारच चिवट झाली आहे. इथल्या नव्या प्रकाराला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं, नावातच इंडिया. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो बऱ्याचदा दाद देत नाही.

इथेही गुन्हेगार तोच. बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकत्र असलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण स्टेरॉईडमुळे बुरशीला रान मोकळं मिळतं आणि चट्टा पसरतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी बरीच मलमं होती. तरी सगळीच गेली नाहीत, म्हणून घटक इथेही वाचायचे. उपचार कित्येक आठवडे चालतो, चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर लावायचं. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे, धुऊन कडक उन्हात वाळवलेले. घरात दोघांना असेल तर दोघांनी एकदमच औषध घ्यायचं.

रात्री वाढणारी खाज आणि बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर ती खरूज. तिच्यासाठी पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून पायापर्यंत लावतात, आणि खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री.

डाग दिसला की

गालांवर आणि नाकावर तपकिरी सावली म्हणजे वांग. उन्हात राबणाऱ्या आणि गरोदरपणातल्या बायकांना जास्त. यात एसपीएफ ३० किंवा त्यावरच्या सनस्क्रीनशिवाय कुठलंच औषध टिकत नाही. शेतात ते पुन्हा पुन्हा लावणं शक्य नसेल तर निदान पदर किंवा रुमाल चेहऱ्यावर पुढे ओढलेला असावा. पाठीवर-छातीवर फिकट, बारीक कोंडा सुटणारे ठिपके म्हणजे शिबं, तीही बुरशीच. पांढराशुभ्र डाग कोडाचा असू शकतो. कोड स्पर्शाने पसरत नाही.

पण फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं, गरम-गार लागलेलं कळत नसेल, तर क्रीम शोधत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. निदान आणि बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हातापायाच्या नसा जातात, त्या परत येत नाहीत. आशाताई घरी तपासायला आल्या तर लाजून ‘काही नाही’ म्हणू नका.

हिंगोलीत ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालय आधीपासून आहे. जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या ई-संजीवनीवर मोबाइलवरून मोफत सल्ला मिळतो. फोटो काढताना खिडकीशेजारच्या उजेडात, फिल्टर बंद करून काढा. आणि प्रत्यक्ष जाणार असाल तर आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, रिकाम्या झालेल्या असल्या तरी, एका पिशवीत घालून सोबत न्या. मेकअप नको, आणि त्या दिवशी हळदही नको, खालची लाली दिसत नाही.